टिपणीसबाईंचे फौजदार

"वनस्पतिशास्त्राची ना तू? मग उभी राहा. झाडं उभीच असतात."

टिपणीसबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी नुकतीच बडोद्याच्या कॉलेजात शिकवायला लागले होते आणि प्राणिशास्त्राच्या त्यांच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक उसना मागायला गेले होते. खोलीत खुर्च्या होत्या, पण प्रत्येक खुर्चीवर सालीसकट एकेक ओंडका ठेवलेला. ओंडके बसले होते आणि मी उभी. सूक्ष्मदर्शक काही मिळाला नाही. त्या दिवसापासून बाई मला 'मजुमदार' म्हणू लागल्या एवढंच. बाईंनी आडनावाने हाक मारली म्हणजे आपल्याला माणसांत धरलं असं समजायचं, हे मला दाराबाहेर त्यांच्या शिपायाने समजावून सांगितलं. बाकीच्यांना त्या 'ए' म्हणत.

नावाला त्या प्राणिशास्त्राच्या रीडर, पण वाघ, साप, पक्षी यांत त्यांना काडीचा रस नव्हता. विश्वामित्री नदीतून मगर निघून कोणाच्या अंगणात आली की अर्धं बडोदं बघायला धावायचं. बाई म्हणायच्या, "तोंड मोठं आहे म्हणून बघताय. काम काय करते ते विचारा." त्यांचा जीव होता झाडाच्या सालीत राहणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांवर. मुंगळ्याहून जरासा मोठा, तांबूस अंगाचा, पाठीवर दोन पांढरे आडवे पट्टे असलेला हा किडा खोडावरून सारखा धावपळ करत असतो. झाड पोखरणारे सालकिडे खोडावर उतरले की हा त्यांना पुढच्या पायांत धरतो, उलटा करतो आणि खातो. त्याची मादी सालीच्या फटींत अंडी घालते. त्यातून निघालेली गुलाबी अळी सालीखाली शिरते आणि सालकिड्यांच्या अळ्यांना त्यांच्याच बिळांत गाठून संपवते. बाईंनी या भुंगेऱ्यांचं नाव 'फौजदार' ठेवलं होतं. "जंगल कोण राखतो? गार्ड? तो चहा पितो. जंगल हे राखतात," असं म्हणून त्या बरणीवर नख वाजवायच्या. "आणि फौजदारालाच दया यायला लागली तर गावाने झोपायचं कसं?" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते किड्यांबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त असावं, हे माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत.

बाईंचे आजोबा संस्थानच्या जंगलखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे घरात बंदूक होती, शिकारीचे फोटो होते, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे अक्कल सोडून बाकी सगळं होतं. भावांनी राहतं घर विकलं, आपापले वाटे घेतले, आणि बाई मांजलपूरच्या एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेऊन एकट्या राहायला आल्या. ठेंगण्या, काटकुळ्या, डोळ्यांवर जाड काचा. हातमागाची साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायांत कॅनव्हासचे बूट. लुनावरून कॉलेजला यायच्या, पुढच्या बास्केटमध्ये लोणच्याच्या बरण्या. बरण्यांत लोणचं कधीच नसे. पर्समध्ये पावाला लोणी लावायची एक बोथट सुरी असायची. रस्त्याने जाताना कुठलंही झाड वाळायला लागलेलं दिसलं की लुना स्टँडवर, आणि बाई खोडाशी. सुरीने अलगद साल उचलून आत बघायच्या. "साल उचल, मग बोल," हा त्यांचा दुसरा मंत्र. कॉलेजच्या मीटिंगमध्ये कोणी काही मत मांडलं की त्या हेच म्हणत. प्रिन्सिपॉलांनाही म्हणाल्या होत्या.

बाई कधी रागवायच्या नाहीत. लोकांना वाटे की तिखट जिभेच्या माणसाचं डोकं तापट असतं आणि राग ओसरला की मागून मऊपणा येतो. बाईंच्या बाबतीत तसली आशा ठेवणं फुकट होतं. रागावणाऱ्या माणसाला निदान पश्चात्ताप होतो. बाई थंड डोक्याने, चहा ढवळत, माणसाच्या बरोबर वर्मावर बोट ठेवायच्या आणि मग तो चहा शांतपणे प्यायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी शाहभाई यांची आई गेली तेव्हा मी आणि बाई भेटायला गेलो होतो. शाहभाई डोळे पुसत म्हणाले, "बा बहु सारा हता, बेन." बाई म्हणाल्या, "चांगल्या नव्हत्या. पण शेवटी शेवटी शांत झाल्या होत्या, ते खरं." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. घरी येताना मी बोलले तर म्हणाल्या, "आयुष्यभर त्या बाईने सुनेला छळलं. सून तिथेच पाणी देत होती. तिच्यासमोर खोटं बोलू?" सून आम्हाला सोडायला जिन्यापर्यंत आली होती, हेही मला आठवतं.

त्याच सोसायटीच्या फाटकाशी शिरीषाचं एक जुनं झाड होतं. सोसायटी बांधली तेव्हा बिल्डरने ते शोभेला ठेवलेलं. एका हिवाळ्यात त्याच्या फांद्या वाळू लागल्या आणि खोडावर तांबूस भुंगेरे धावताना दिसू लागले. शाहभाईंनी माणूस बोलावून औषध मारून घेतलं, एकदा नाही, फिरून फिरून. भुंगेरे मेले. सगळ्यांनी शाहभाईंची पाठ थोपटली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शिरीष बुंध्यापर्यंत वाळून गेला. तेव्हा बाई खाली उतरल्या, पर्समधली सुरी काढली आणि सगळ्यांसमोर साल सोलून दाखवली. आत नक्षी काढावी तशी बिळंच बिळं. "तुम्ही मारलेत ते फौजदार. चोर आत होते. आता चोर मोजत बसा." दिसतो तो गुन्हेगार, हा माणसाचा हिशोब. फौजदार उघड्यावर गस्त घालतो म्हणून दिसतो, चोर कशाला दिसायला येईल? हे सगळं पटण्यासारखंच होतं. पण मला वेगळीच गोष्ट बोचली. औषध मारत होते तेव्हा बाई आपल्या गॅलरीत हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून बघत होत्या, हे मी स्वतः पाहिलं होतं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं," बाई म्हणाल्या. "शिकले नसते."

एका झाडाचा जीव गेला त्यापायी. बाईंना झाडांवर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. पण शिकवण्यासाठी झाड खर्ची घालावं लागलं तर त्या घालत. माणूसही घालत.

त्या काळी कॉलेजची हवा बदलत होती. मकरपुऱ्यात नवनव्या औषधकंपन्या उभ्या राहत होत्या आणि बायोटेक्नॉलॉजी नावाचा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला होता. किडे, पानं, साल असल्या गोष्टींचा अभ्यास करणारे आम्ही जुन्या बाजारातले झालो होतो. बाईंकडे पीएच.डी.साठी दोनच विद्यार्थी उरले, किरीट आणि हेमा. विभागात एक जागा रिकामी होणार होती आणि ती दोघांपैकी एकाला मिळणार, अशी बोलवा होती. एके दिवशी बाईंनी दोघांना बोलावलं. एका काचेच्या नळीत फौजदाराच्या दोन अळ्या सोडल्या, बूच लावलं, आणि चिठ्ठीवर लिहून नळीला चिकटवलं: 'किरीट–हेमा'. नळी टेबलावर ठेवली आणि व्याख्यान सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत एकच अळी होती, जरा जाड झालेली. फौजदारांना खायला नसलं की ते एकमेकांना खातात, हे प्राणिशास्त्राच्या पोरांना शिकवायची ही बाईंची पद्धत. हेमाने भीतभीत विचारलं, "बेन, आ कोण छे?" म्हणजे उरलेली अळी दोघांपैकी कोणाची. बाई म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवायचं."

किरीटने ठरवलं. थोड्याच दिवसांत तो एका औषधकंपनीत चिकटला, कंपनीच्या बसने मकरपुऱ्याला जाऊ लागला, आणि मला भेटला की म्हणायचा, "बेन, हुं तो बची गयो." हेमा मात्र राहिली.

हेमा तरसालीची. वडील बंद पडलेल्या गिरणीतून घरी बसलेले, पाठची दोन भावंडं शिकत होती, आणि ही कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवत होती. पीएच.डी. झाली तर नोकरी कायम होणार होती, नाही झाली तर तीही जाणार होती. तिचं सगळं या एका पदवीवर अडकलेलं होतं, आणि पदवी बाईंच्या सहीवर. मुलगी गोड होती. कोणाला नाही म्हणता येत नसे तिला. बाई तिला 'ए' म्हणायच्या आणि ती 'हा बेन' म्हणत धावायची. मी एकदा तिला म्हटलं, थोडं तोंड उघडत जा. ती म्हणाली, "बेन माझ्याइतकं कोणालाच शिकवत नाहीत ना." तेही खरंच होतं. बाईंनी तिला सालीखालचं जे बघायला शिकवलं ते देशात फार थोड्यांना बघता येत असेल.

पावागडच्या पलीकडे जंगलातला एक उतार बाईंनी अभ्यासासाठी मागून घेतला होता. तिथे ऐनाची झाडं, गुजरातीत सादड म्हणतात ती, मगरीच्या पाठीसारखी जाड खडबडीत सालीची. त्यातली काही सालकिड्यांनी मारलेली, वाळून उभी. हेमाने अशा प्रत्येक वाळक्या झाडाला छातीच्या उंचीवर पिवळ्या रंगाचं कडं ओढलं होतं आणि खोडाला जाळीचं कापड बांधलं होतं. कोण कधी बाहेर पडतं ते ती नोंदवायची. दर वर्षी एकच दिसत होतं. सालकिडे थंडी सरताना उडून जायचे आणि फौजदार मात्र आतच राहून पावसाळ्यात बाहेर पडायचे. म्हणजे झाड पुरतं वाळून, निरुपयोगी दिसायला लागतं तेव्हा चोर पळालेले असतात आणि आत फक्त फौजदार असतात. आणि नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, मेलं झाड, तोडा नि जाळा. बाईंना जंगलखात्याकडून एकच गोष्ट हवी होती: मेलेली झाडं पावसाळा उलटेपर्यंत उभी राहू द्या. त्यासाठी हेमाचा शेवटचा हंगाम पुरा व्हायचा होता.

आणि मग होळी आली.

त्या वर्षी शहरात एक चांगली चळवळ निघाली होती. होळीसाठी हिरवं झाड तोडू नका, फक्त वाळकं लाकूड जाळा. वर्तमानपत्रांत आलं, शाळांतून फेऱ्या निघाल्या. आमच्या कॉलेजचे विद्यार्थी पुढे होते आणि त्यांच्यात हेमा. तिच्या स्वभावाला ते शोभणारंच होतं. लाकूड पुरवणाऱ्या ठेकेदाराने विचारलं की एवढं वाळकं लाकूड आणायचं कुठून, तेव्हा हिनेच सांगितलं की पावागडच्या पलीकडे वाळकी झाडं पुष्कळ आहेत. आपला उतार सोडून, असंही तिने सांगितलं होतं. पण तोडणाऱ्यांची रीत वेगळी. जंगलात झाडावर रंगाचं कडं दिसलं की ते झाड तोडायला काढलेलं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. त्यांनी उतारावर पिवळी कडी पाहिली आणि देवाने दिल्यासारखी तेवढीच झाडं कापली. जाळीचं कापड काढून घरी नेलं असेल, चांगलं कापड होतं.

होळीच्या संध्याकाळी मी बाईंकडेच होते. खाली मुलांनी लाकडं रचली होती, बायका नारळ आणि धाणी-खजूर, म्हणजे लाह्या नि खजूर, घेऊन येत होत्या. बाई गॅलरीतून सहज खाली बघत होत्या. बघता बघता उठल्या, पर्स घेतली आणि जिना उतरल्या. मी मागोमाग गेले. रचलेल्या ओंडक्यांवर पिवळी कडी होती. बाईंनी एका ओंडक्याची साल सुरीने उचलली. आत गुलाबी अळ्या वळवळत होत्या. त्यांनी दुसऱ्याची उचलली. तिथेही तेच. मग सुरी पुसून पर्समध्ये ठेवली.

"हे लाकूड मला परत पाहिजे," त्या शाहभाईंना म्हणाल्या.

शाहभाई हात जोडून म्हणाले, "बेन, होळीनुं लाकडुं पाछुं ना लेवाय. अपशुकन थाय." होळीवर चढलेलं लाकूड उतरवायचं नसतं, हे सगळ्यांचंच मत पडलं. एका आजीबाईंनी तर बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, आ वखते तो एक पण लीलुं झाड नथी काप्युं, यंदा एकही हिरवं झाड कापलं नाही. सगळ्यांचे चेहरे पुण्याने उजळलेले होते.

तेवढ्यात चळवळीची पोरं फलक घेऊन सोसायटीत आली, कुठे हिरवं लाकूड तर नाही ना बघायला. त्यांच्यात हेमा होती. तिने आधी बाईंना पाहिलं, मग लाकडं पाहिली, आणि तिच्या हातातला फलक खाली आला.

बाईंनी तिला बोटाने जवळ बोलावलं. "ही कडी कोणी ओढली होती?"

"में ज, बेन."

"कशासाठी?"

"ओळख पटावी म्हणून."

"पटली," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी वॉचमनची खुर्ची मागवली आणि होळीसमोर बसल्या. हेमाला शेजारी उभी केली. पेटल्यावर ऐनाची जाड साल तडतडू लागली. हेमा रडत होती, बायकांना वाटलं धूर डोळ्यांत गेला. ती मागे सरायला लागली की बाई म्हणत, "थांब. ऐक." होळी पुरती बसेपर्यंत त्यांनी तिला हलू दिलं नाही. मी बाईंचा हात धरून म्हटलं, पुरे आता. त्यांनी माझा हात बाजूला केला, अगदी सभ्यपणे, डास बाजूला करावा तसा. त्या संध्याकाळी मला बाईंचा तिटकारा आला. तो पुढे कमी झाला, पण गेला कधीच नाही.

त्यानंतर बाई हेमाशी एकच वाक्य बोलायच्या. ती दारात दिसली की म्हणत, "शेवटच्या हंगामाचे आकडे?" हेमा म्हणायची, "बेन, झाडं नथी रह्यां." बाई म्हणायच्या, "ते मला माहीत आहे. आकडे कुठे?" पावसाळा आला आणि गेला. बाईंची निवृत्ती जवळ येत चालली. त्या निवृत्त झाल्या की दुसरा मार्गदर्शक शोधायचा, नव्याने नोंदणी करायची, आणि तोवर तिची जागा कोणीतरी बायोटेक्नॉलॉजीवाला घेणार, हे सगळ्यांना दिसत होतं. विभागप्रमुखांनी हेमाला प्रेमाने सांगितलं, "चार आंकडा मूकी दे ने. कोण जोवा जवानुं छे?" म्हणजे चार आकडे घालून टाक, बघायला कोण जाणार आहे. हेमाने आपला सगळा जन्म धाकात घालवलेला. ज्या बाईला झाडं उरली नाहीत असं आपण पन्नासदा सांगितलं आणि तरी ती आकडेच मागते, तिला काय द्यायचं असतं? तिने आकडे दिले.

प्रबंध घेऊन ती बाईंच्या खोलीत गेली तेव्हा धीराला मला सोबत घेऊन गेली. बाईंनी सगळं सोडून शेवटचंच प्रकरण उघडलं. चष्मा वर करून, कागद डोळ्यांजवळ धरून वाचलं. मग मला म्हणाल्या, "मजुमदार, तुला झाडांतलं कळतं. राखेतून काय काय उगवतं गं?"

बाईंनी त्या पानावर बोट ठेवलं.

"होळीत जळालेल्या झाडांतून माझे फौजदार पावसाळ्यात बाहेर पडले, असं ही म्हणते. मागच्या वर्षीइतकेच. दोन कमी."

हेमा म्हणाली, "बेन, तमे ज मांग्या हता."

"मी आकडे मागितले. शून्य हा आकडाच असतो." बाईंनी प्रबंध मिटला आणि तिच्याकडे सरकवला. "शून्य लिहिलं असतंस तर आज सही केली असती. जाळलं म्हणून मी कोणाला नापास करत नाही. जाळतात लोक. न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिणाऱ्याला मी डॉक्टर म्हणणार नाही."

"मग शून्य लिही म्हणून सांगायचं होतंत!" मी आयुष्यात पहिल्यांदा बाईंवर ओरडले. "एवढ्या महिन्यांत एक वाक्य बोलता आलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर ते माझं शून्य झालं असतं," बाई म्हणाल्या आणि चहाचा कप जवळ ओढला. हेमाने प्रबंध छातीशी धरला, "हा बेन" म्हणाली आणि गेली. मी आजही म्हणते, खोटं हेमाने लिहिलं हे कबूल, पण त्या मुलीच्या हाताला इतकं थरथरायला लावलं कोणी? बाईंना हे मी त्या दिवशी विचारलंही. त्या म्हणाल्या, "माझ्या हाताखाली थरथरणारे हात टिकत नाहीत, हे तिला पहिल्या दिवशी दिसलं होतं. ती गेली नाही." आणि त्यांनी सही केली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेतलं, भाषण करायला नकार दिला आणि लुनावरून घरी गेल्या.

हेमाची कॉलेजची नोकरी गेली. तिला तरसालीच्याच एका शाळेत जागा मिळाली, पाचवी ते सातवीला विज्ञान. पगार बराच कमी. पीएच.डी.चा विषय तिच्यासमोर कोणी काढत नसे.

जंगलात जे व्हायचं तेच झालं. त्या उतारावर फौजदार उरले नव्हते. आजूबाजूचे चांगले, हिरवे ऐन एकामागून एक वाळू लागले आणि खालच्या घळीपर्यंत झाडी विरळ झाली. बाई तिथे एसटीने जायच्या, काठी टेकत, आणि परत येऊन मला फोन करून किती मेले ते सांगायच्या. मग त्यांनी जंगलखात्याच्या मोठ्या साहेबांना गाठलं. किती खेटे घातले, कोणाकोणाचा अपमान केला, देव जाणे. एका मीटिंगमध्ये त्यांनी साहेबाच्या टेबलावर ओंडका ठेवून साल सोलली असं ऐकलं. शेवटी खात्याने मानलं. त्या भागात वाळके ऐन पावसाळा उलटेपर्यंत तोडायचे नाहीत, असं ठरलं. काही वर्षांत मरणारी झाडं कमी झाली. नवी रोपं तग धरू लागली. मी स्वतः जाऊन पाहिलं आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तो उतार त्या कठोर बाईने वाचवला.

मग एकदा त्यांनी खात्याला दिलेलं टिपण माझ्या वाचण्यात आलं. आतली सगळी माहिती हेमाची होती. पहिल्या हंगामांची, खरी, जाळीत हात घालून गोळा केलेली. वर नाव एकच, बाईंचं.

मी तडक मांजलपूरला गेले. बाई हिंचक्यावर बसून शेंगा सोलत होत्या. "हिचं नाव कुठे आहे?" मी विचारलं.

"नाव घातलं असतं तर कोणीतरी तिचा प्रबंध मागितला असता. शेवटचं प्रकरण वाचलं असतं. मग आधीची वर्षंही खोटी ठरली असती." त्यांनी एक शेंग फोडली. "तुला काय हवंय, मजुमदार? झाडं की नाव?"

मला दोन्ही हवं होतं. पण त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि याचाच मला जास्त संताप आला. त्यांनी पुढे केलेल्या शेंगा मी घेतल्या नाहीत.

त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही. एका हिवाळ्यात हेमाचाच फोन आला. तिच्या शाळेची सहल पावागडला जाणार होती आणि तिथून त्या जंगलात. खात्याने आता तिथे शाळेच्या मुलांसाठी पायवाट केली होती. रविवारी बाई तिथे असतात का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, असतात, म्हणून जाऊ नकोस. ती म्हणाली, "ना, मारे जवुं छे. तमे आवशो?" मी गेले.

बाई खरंच तिथे होत्या. पाठीत वाकलेल्या, हातात काठी, पण बूट तेच. गार्डने दिलेल्या स्टुलावर एका वाळक्या ऐनासमोर बसल्या होत्या. हेमाने वाकून नमस्कार केला. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "ए, तुझी पोरं आवाज फार करतात." एवढंच. इतक्या वर्षांनी.

हेमाने मुलांना झाडाभोवती गोल उभं केलं आणि गुजरातीतून शिकवायला सुरुवात केली. काय सुंदर शिकवलं तिने! हे झाड मेलेलं नाही, ही पोलीसचौकी आहे, म्हणाली. आत कोण राहतं, चोर कधी पळतात, फौजदार का थांबतात, सगळं गोष्टीसारखं सांगितलं. साल अलगद उचलून गुलाबी अळी दाखवली आणि पुन्हा तशीच टेकवून ठेवली. मुलं श्वास रोखून बघत होती. बोलता बोलता ती म्हणाली की साल म्हणजे झाडाची चामडी, आपल्या अंगाला असते तशी जिवंत.

"चूक," मागून बाईंचा आवाज आला. "ऐनाच्या सालीचा बाहेरचा थर मेलेलाच असतो. पोरांना चूक शिकवू नकोस."

मुलं वळून बघू लागली. हेमाचे कान लाल झाले. "हा बेन," ती म्हणाली, आणि मुलांना नीट दुरुस्त करून सांगितलं.

पुढे उभ्या असलेल्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, आ बधुं कोणे शोध्युं?" हे सगळं कोणी शोधून काढलं, असं ती विचारत होती.

हेमाने बाईंकडे हात केला आणि म्हणाली, "आ बेने."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी बाईंकडे बघत होते. बाईंनी काचा पदराने पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर चढवल्या आणि काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पुन्हा 'चूक' म्हणतील. टाळ्या थांबल्या. हेमाही त्यांच्याकडेच बघत होती.

"चला," बाई म्हणाल्या, "पुढचं झाड."